चंद्रावरची तागडी

मागच्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका रात्री दादा मला फोनवर म्हणाला, "तुला तिथं बसून सगळं हलकंच वाटणार."

भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. अण्णांना लकवा मारून तीन आठवडे झाले होते. डावी बाजू गेली होती. सोलापूरच्या हॉस्पिटलमधून त्यांना बार्शीला घरी आणलं होतं. मी बंगळुरूहून चार दिवसांची रजा काढून आलो होतो आणि परतही गेलो होतो. त्या रात्री मी माझ्या नेहमीच्या, जरा मोठेपणाच्या सुरात म्हटलं, "अरे, दिवसभरासाठी एक माणूस ठेवू या ना. पैशाचं मी बघतो." त्यावर तो हे बोलला. मग दोघंही गप्प. मग "ठेवतो, सकाळी लवकर माल यायचाय" म्हणून त्यानं फोन ठेवला.

मला राग आला. दर महिन्याला पैसे पाठवणारा मी, रात्री दोनला ऑन-कॉलवर सर्व्हर सांभाळत अण्णांचे रिपोर्ट तीन-तीन डॉक्टरांना पाठवणारा मी, आणि मला हलकं वाटतंय? पण रात्री झोप येईना तेव्हा जे डोक्यात फिरत राहिलं ते वेगळंच होतं. शाळेतलं एक उदाहरण. पृथ्वीवर ज्याचं वजन साठ किलो भरतं, त्याचं चंद्रावर किती भरेल? उत्तर, दहा. सरांनी फळ्यावर 'वजन' आणि 'वस्तुमान' असे दोन शब्द लिहिले होते, मध्ये उभी रेघ मारली होती, आणि परीक्षेत 'फरक स्पष्ट करा'ला हे हमखास येतं असं सांगितलं होतं. आलंही. मला चारपैकी चार मिळाले. त्यानंतर बारा-तेरा वर्षं मला त्या उभ्या रेघेची गरज पडली नव्हती.

आता पडली. कारण दादाचं वाक्य नुसतं टोमणा म्हणून सोडून देता येत नव्हतं. त्यात एक प्रश्न होता. आम्हा दोघांचे वडील एकच. त्यांचं आजारपणही एकच. मग त्याच्यावर जे ओझं आहे आणि माझ्यावर जे आहे, ते एकच ओझं दोन जागी वेगवेगळं भरतंय, की मुळात माझ्या वाट्याला आलेलं ओझंच लहान आहे? पहिलं खरं असेल तर मला हलकं वाटणं हा माझ्या जागेचा परिणाम आहे, माझी सुटका नव्हे. दुसरं खरं असेल तर मी निर्धास्त झोपायला हरकत नाही.

जरा मागे जातो, कारण हा फरक मी शाळेच्याही आधी दुकानात पाहिला होता, फक्त कळला नव्हता.

आमचं किराणा दुकान आहे. मी लहान असताना गल्ल्याच्या वर छताला साखळीनं तागडी टांगलेली असायची. दोन पारडी, मध्ये दांडी, दांडीवर काटा. शेजारी लोखंडी वजनांची उतरंड, पाच किलोपासून खाली. लोखंडी वजनात मागच्या बाजूला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं, आणि त्या शिशावर वजनमाप खात्याचा शिक्का. खात्याचा माणूस यायच्या आदल्या दिवशी अण्णा सगळी वजनं फडक्यानं पुसायचे. त्यांचा काटा चोख होता आणि त्याचा त्यांना भयंकर अभिमान होता. आमच्याकडे 'काटा मारणे' हा शब्दप्रयोग किती सहज वापरला जातो ते ऊस घालणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. त्यामुळे काटा न मारणाऱ्याला गावात थोडं वजन असतं.

दुकानात दुसराही एक काटा होता, ताणकाटा. स्प्रिंगचा, वर पकडायला कडी, खाली हुक. गुळाची ढेप, मिरच्यांचं गाठोडं, असलं काहीतरी अंदाजानं मोजायला. अण्णांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. "स्प्रिंग सैल पडती," म्हणायचे.

आता हे दोन्ही काटे उचलून चंद्रावर नेऊ या. तागडीच्या एका पारड्यात किलोचं माप ठेवू, दुसऱ्यात साखर घालू. काटा मध्यावर येईल तेव्हा साखर किती असेल? बरोबर एक किलो. बार्शीत जेवढी तेवढीच, दाणा कमी नाही की जास्त नाही. कारण चंद्राची ओढ कमी असली तरी ती दोन्ही पारड्यांना सारखीच कमी आहे. आता तीच साखर पिशवीत घालून ताणकाट्याला लावा. तो दाखवेल साधारण एकशे पासष्ट ग्रॅम. पृथ्वीच्या पृष्ठभागावर गुरुत्वीय त्वरण सेकंदाला सेकंदाला सुमारे ९.८ मीटर, चंद्रावर १.६२. भागाकार केला की जवळपास एक षष्ठांश. म्हणजे चंद्रावर पृथ्वीवरचा ताणकाटा घेऊन किराणा विकणारा माणूस प्रत्येक किलोमागे सहा किलो साखर देईल आणि महिन्याभरात दिवाळं काढेल.

तागडी वस्तुमान ताडून बघते. ताणकाटा ओढ मोजतो. सरांची उभी रेघ ती हीच.

यातली गोम अशी की पृथ्वीवर राहणाऱ्याला हा फरक कधी जाणवतच नाही. विषुववृत्तावरून ध्रुवावर गेलं तरी ओढीत फरक पडतो तो अर्ध्या टक्क्याचा. त्यामुळे आपण 'किलो' हे वस्तुमानाचं एकक बिनदिक्कत वजनाला वापरतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. फरक उघडा पडायला कुणीतरी लांब जावं लागतं. आमच्या घरात तो मी गेलो.

आता 'वजन' या आपल्या शब्दाकडे बघा. मराठीत हा शब्द भौतिकशास्त्राला धरून वागतो, कदाचित नकळत. 'त्याचं पंचायत समितीत वजन आहे' असं आपण म्हणतो. 'फाईलवर वजन ठेवा' असंही म्हणतो. 'त्याचं पंचायत समितीत वस्तुमान आहे' असं कुणी म्हणत नाही, आणि नुसतं विनोदी वाटतं म्हणून नव्हे. त्या माणसाला तिथून उचलून दादरच्या फलाटावर उभं केलं की ते वजन शून्य होतं, हे आपल्याला ठाऊक असतं. वजन हे माणूस आणि जागा या दोघांत मिळून असतं. अण्णांना बाजारपेठेत वजन होतं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरवर ते 'बेड नंबर चौदा' होते. चोख काटा वगैरे तिथं कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. त्या दोन दिवसांत मी पहिल्यांदा अण्णांना बिनवजनाचं पाहिलं. माणूस तर तोच होता.

तर प्रश्न असा. कर्तव्य हे वजनासारखं आहे की वस्तुमानासारखं?

हा प्रश्न मी पहिला विचारत नाही. ॲडम स्मिथनं, हो, तोच अर्थशास्त्रवाला, नीतिभावनांवरच्या आपल्या पुस्तकात एक उदाहरण दिलं होतं. समजा अख्खा चीन भूकंपात गडप झाला. युरोपातला एक भला माणूस ते ऐकून हळहळेल, आयुष्याच्या क्षणभंगुरतेवर चार शब्द बोलेल, आणि रात्री घोरत झोपेल. पण उद्या त्याची करंगळी कापणार आहेत असं सांगितलं तर त्याला डोळ्याला डोळा लागणार नाही. स्मिथला यातून माणूस नीच आहे असं म्हणायचं नव्हतं. तो पुढे विचारतो, की हाच माणूस करंगळी वाचवायला ते करोडो जीव द्यायला तयार होईल का? नाही. नुसत्या कल्पनेनंच त्याला शहारे येतील. म्हणजे भावनेला जे हलकं लागतं ते विवेकाला हलकं लागत नाही. आपल्या आत ताणकाटाही आहे आणि तागडीही. रोजच्या वापरात ताणकाटा असतो एवढंच.

दुसरा माणूस पीटर सिंगर. १९७१ च्या नोव्हेंबरात, पूर्व बंगालमधून जवळपास एक कोटी निर्वासित आपल्याकडे आलेले असताना, या पंचवीस वर्षांच्या तत्त्वज्ञानं एक निबंध लिहिला, तो १९७२ मध्ये छापून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. रस्त्यानं जाताना उथळ तळ्यात मूल बुडताना दिसलं तर तुम्ही कपडे खराब होतील म्हणून थांबणार नाही. मग ते मूल हाकेच्या अंतरावर असण्याऐवजी हजारो मैलांवर असलं तर काय बदलतं? तुमच्या हातात मदत करणं असेल तर काहीच नाही. अंतर ही नैतिक गोष्टच नव्हे. सिंगरच्या मते कर्तव्य म्हणजे निव्वळ वस्तुमान.

योगायोग असा की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपोलो १५ चा कमांडर डेव्हिड स्कॉट चंद्रावर कॅमेऱ्यासमोर उभा राहून एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरून दोन्ही एकदम सोडत होता. हवा नाही, त्यामुळे दोन्ही एकदम जमिनीला टेकली. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला नसेल तर पाहा, पाऊण मिनिटाचाच आहे.

सिंगर मला वाचताना पटतो आणि पुस्तक मिटलं की पटत नाही. तो म्हणतो ते खरं धरलं तर अण्णा आणि मला माहीत नसलेला कुठलातरी म्हातारा यांच्यात माझ्या दृष्टीनं फरक उरू नये. तो उरतोच, आणि उरावा असंही मला वाटतं. अण्णांनी मला तागडीत बसवून मोजलंय. एका पारड्यात मी, दुसऱ्यात दहा किलोची मापं, आणि आई ओरडतीय की साखळी तुटेल. हे असलं काही दुसऱ्या कुणाशी नाही. पण सिंगरचा अर्धा मुद्दा मला टाळता येत नाही. समोरचा माणूस माझा कोण, यानं फरक पडत असेल. तो माझ्यापासून किती किलोमीटर आहे, यानं पडायला नको. बार्शी-बंगळुरू सातशेच्या आसपास भरेल. या सातशे किलोमीटरनी अण्णा माझे एक षष्ठांश वडील होत नाहीत.

इथवर आलो तेव्हा मला जरा बरं वाटलं. माझं कर्तव्य पूर्ण आहे, फक्त मला ते हलकं लागतंय, हे दादाला समजावून सांगता येईल असं वाटलं. मग लक्षात आलं की हे तर त्यानंच मला सांगितलं होतं. आणि मला ते कळल्यानं त्याच्या पाठीवरचं काही उतरलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी ऑफिसातून आल्यावर अपोलोचे जुने व्हिडिओ बघत बसायचो. कामाचं टाळायला माणूस काय काय करतो. त्यात एक गोष्ट दिसली, जी शाळेत कुणी सांगितली नव्हती. चंद्रावरची माणसं उड्या मारत मजेत चालतात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ती पडतात किती, हे मी नीट पाहिलं नव्हतं. अपोलो १६ मध्ये, १९७२ साली, चार्ली ड्यूक उंच उडी किती मारता येते ते दाखवायला गेला आणि मागच्या मागे पाठीवर पडला. पाठीवर ऑक्सिजनची सगळी यंत्रणा. ती फुटली असती तर तिथंच संपलं होतं. तो नंतर स्वतःच सांगायचा की तो क्षण भीतीचा होता.

का पडतात? सूट आणि पाठीवरचा डबा मिळून नव्वद किलोच्या आसपास, अधिक माणूस. पृथ्वीवर हे घालून दोन पावलं टाकणं मुश्किल. चंद्रावर सगळं मिळून तीसेक किलो भरतं, म्हणजे पोटी शाळेत जाणाऱ्या पोराएवढं नाही तरी चौथी-पाचवीतल्या पोराएवढं. म्हणून माणूस जोरात निघतो. आणि मग थांबायची वेळ येते. थांबवताना वजन उपयोगाला येतं आणि वस्तुमान आडवं येतं. पायाची जमिनीवरची पकड वजनावर अवलंबून असते, ती एक षष्ठांश झालेली आहे. पण जे थांबवायचंय ते वस्तुमान सगळंच्या सगळं आहे, किलोभरही कमी झालेलं नाही. पकड सहावा हिस्सा, संवेग पूर्ण. बझ ऑल्ड्रिननं अपोलो ११ च्या वेळीच हे सांगितलं होतं, की थांबायचं असेल किंवा वळायचं असेल तर दोन-तीन पावलं आधीपासून तयारी करावी लागते.

हे पाहून मी लॅपटॉप बंद केला.

कारण वजन आणि वस्तुमान यांच्यातला खरा फरक मला तेव्हा कळला. वजन आपण होऊन जाणवतं. काहीही न करता, नुसतं उभं राहिलं तरी पायाला लागतं. वस्तुमान तसं जाणवत नाही. ते कळायला ढकलून बघावं लागतं, किंवा अडवून बघावं लागतं. अंतराळ स्थानकात तर वजन शून्यच लागतं, मग तिथल्या माणसांचं वस्तुमान कसं मोजतात? त्यांना स्प्रिंगच्या यंत्राला धरून हलवतात, किंवा ठरावीक जोरानं ओढतात, आणि ती किती सावकाश हलतात ते बघतात. १९७३ च्या स्कायलॅबपासून असंच चालू आहे. नुसतं उभं राहून 'मला काहीच जड वाटत नाही' असं म्हणणाऱ्याला तिथं काहीही कळणार नाही.

मी नुसता उभा होतो. पैसे पाठवणं म्हणजे उभं राहणंच होतं, ते ऑटो-पेसारखं झालं होतं. माझ्या दिवसाचा एक तासही त्यानं इकडचा तिकडे झाला नव्हता. म्हणून मी ढकलून बघायचं ठरवलं. मॅनेजरला मेल लिहिला, की तीन महिने बार्शीहून काम करू द्या. आणि लगेच प्रत्येक गोष्ट जड झाली. जुलैत प्रमोशनची चर्चा होती. फ्लॅटचं भाडं, डिपॉझिट, फ्लॅटमेटची अडचण. घरी नेट पुरेल का. एका व्यक्तीला हे कसं सांगायचं, जिच्याबद्दल घरी अजून सांगितलेलं नव्हतं. तो मेल मी चार दिवस ड्राफ्टमध्ये ठेवला. चार ओळींचा मेल. त्या चार दिवसांत मला पहिल्यांदा त्या ओझ्याचं खरं माप कळलं. आणि हेही कळलं की मी वेगात निघालो होतो, सहा वर्षं, आणि पायाखाली पकड फारशी उरली नव्हती.

इथं थोडं थांबून माझ्याच उपमेवर शंका घेतो, कारण उपमा गोड असते आणि इंजिनिअरनं गोड गोष्टींना घाबरावं. वस्तुमान मोजता येतं. त्याला प्रमाण आहे. कर्तव्याला कुठं आहे? कोण ठरवणार की अण्णांच्या आजारपणाचं एकूण वस्तुमान एवढं, त्यातलं दादाचं एवढं, माझं एवढं?

पण मग किलोचा इतिहास आठवला आणि तिथंही सगळं आलबेल नव्हतं असं दिसलं. १८८९ पासून २०१९ पर्यंत जगातला किलो म्हणजे पॅरिसजवळ सेव्र इथं तिजोरीत ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल. किलोची व्याख्याच ती होती, की याचं वस्तुमान म्हणजे एक किलो. त्याच्या प्रतिकृती देशोदेशी दिलेल्या. शंभरएक वर्षांनी सगळ्या एकत्र आणून ताडून पाहिल्या तर मूळ दंडगोल आणि प्रतिकृती यांच्यात साधारण पन्नास मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला. आता मूळ हलका झाला की प्रती जड झाल्या? व्याख्येनुसार मूळ चुकूच शकत नाही. तो झिजला तर तो अजून एक किलोच, बाकी सगळं विश्व जड झालं असं म्हणायचं. शेवटी २० मे २०१९ पासून तो दंडगोल निवृत्त झाला आणि किलो प्लँकच्या स्थिरांकावर टेकवला, जो कुणाच्या तिजोरीत नाही.

प्रत्येक घरात असा एक दंडगोल असतो. जो घरी राहिला तो. आमच्याकडे दादा. तो जे करतो ते एक किलो, त्याच्या मानानं मी किती ते मोजायचं. तो थकला, चिडला, अण्णांवर ओरडला, तरी माप तोच. त्याच्या झिजण्याकडे बघायची सोय नाही, कारण कशाशी ताडून बघणार? मला त्याचा राग येतो तेव्हा या मापाचा येतो. आणि त्याची कीव येते तेव्हाही याचीच. प्रमाण होऊन तिजोरीत पडायची हौस त्याला नव्हती. मी बारावीनंतर इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा दुकानाला कुणीतरी लागत होतं, इतकंच झालं होतं.

मेल गेला. परवानगी मिळाली, अटींसकट. मी उद्यान एक्स्प्रेसनं सोलापूर आणि तिथून एसटीनं बार्शी, असा मार्चमध्ये घरी पोचलो.

पहिल्या आठवड्यात कळलं की तागडी जी मी डोक्यात मांडली होती तिचीच मांडणी चुकली होती. एका पारड्यात दादा, दुसऱ्यात मी, असं मी धरलं होतं. दादाही तसंच धरून होता. प्रत्यक्षात अण्णांना सकाळी उठवणं, संडासला नेणं, तोंड धुणं, भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, हे सगळं वहिनी करत होती. आईचे गुडघे गेलेत, तिच्यानं होत नाही. दादा दुकानात. ज्या ओझ्यावरून आम्ही दोघं भाऊ फोनवर एकमेकांचं माप काढत होतो ते उचलत होती तिसरीच, आणि तिला कुणी पारड्यातच घेतलं नव्हतं. तिनंही कधी म्हटलं नव्हतं की मला जड वाटतं. हे मला सिंगरनं सांगितलं नाही, स्मिथनंही नाही. सातशे किलोमीटरवरून ते दिसतच नव्हतं. तेव्हा अंतरानं कर्तव्य कमी होत नाही हे खरं धरलं तरी अंतरानं ते कुणाचं आहे हे दिसेनासं होतं, आणि हेही काही छोटं प्रकरण नाही.

अण्णांना उचलायचं वहिनीनं मला शिकवलं. मी पहिल्यांदा जिममध्ये उचलतात तसा दोन्ही काखांत हात घालून त्यांना वर खेचायला गेलो. ते ओरडले आणि माझी पाठ भरली.

"भाऊजी, उचलायचं नाही," वहिनी म्हणाली. "त्यांना पुढं वाकू द्या. नाक गुडघ्याच्या पुढं आलं की ते आपोआप उठतात. तुम्ही नुसतं धरायचं."

गुरुत्वमध्य पायांच्या वर आणायचा. मला हे समीकरणासकट येत होतं. वहिनीला फिजिओथेरपीच्या बाईंनी एकदा दाखवलं होतं.

तीन महिन्यांत मी कूस बदलायला शिकलो, डायपर बदलायला शिकलो, आणि सकाळची पाळी माझी झाली. वहिनी दोन महिन्यांनी चार दिवस माहेरी जाऊन आली. दादा आणि मी त्या फोनबद्दल कधीच बोललो नाही. एकदा रात्री दुकान बंद करताना त्यानं विचारलं, "तुला तिकडं प्रमोशनचं काय झालं?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी बघू म्हणाले." तो शटर ओढता ओढता थांबला, मग ओढलं. जूनमध्ये मी परत गेलो. आता दर सहा आठवड्यांनी येतो, आठवडाभर. हे पुरेसं आहे का? माहीत नाही. प्रमोशन गेल्याचं मला दुःख झालं नाही असंही म्हणणार नाही. झालं.

एक दुपार मात्र सांगायची राहिली. मेमधली.

अण्णांच्या डाव्या हातात थोडी हालचाल आली होती. फिजिओच्या बाईंनी सांगितलं की हातात काहीतरी धरायला द्या, अगदी हलकं, शंभर-दोनशे ग्रॅम. घरात डंबेल्स कुठून असणार. दादानं इलेक्ट्रॉनिक काटा घेतल्यापासून लोखंडी वजनं गोदामात पोत्यामागे पडून होती. ती मी काढली, घासली, आणि दोनशे ग्रॅमचं माप अण्णांच्या डाव्या तळहातावर ठेवलं, शिक्क्याची बाजू खाली करून.

अण्णांनी उभं आयुष्य हातावर वजनं तोललीत. पुडी हातात घेऊन 'पाव किलोला जरा कमी आहे' म्हणायचे आणि काट्यावर ते खरं निघायचं. त्यांनी बोटं कशीबशी मिटली, हात दोन इंच उचलला. कपाळावर घाम आला.

"पाचशे," ते म्हणाले. बोलणं अजून जड होतं, पण शब्द कळला.

"अण्णा, दोनशेचं आहे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ते माल घेऊन आलेल्या नव्या टेम्पोवाल्याकडे बघायचे. मग उजवा हात पुढे केला. मी माप त्या हातात दिलं. त्यांनी ते एकदाच खालीवर केलं. अर्धा सेकंद.

"दोनशे," म्हणाले.

मग परत डाव्या हाताकडे बोट दाखवलं. मी परत डाव्यात ठेवलं. परत दोन इंच, परत घाम. ते त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले.

"माल बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "काटा बिघडलाय."

आणि हसले, उजव्या बाजूनं. बाहेर दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं, दादा जेवायला बसला होता, म्हणून वहिनी पदराला हात पुसत पुढे गेली. अण्णांनी माप सोडलं नाही. मला खुणेनं म्हणाले, घड्याळ लाव.